नगरच्या किल्ल्यातली अदलाबदल

नगरचा किल्ला हा आम्हा नगरकरांचा विचित्र शेजारी आहे. भिंगारकडे जाताना तो दिसतो, भोवतीचा खंदक दिसतो, पण आत काय आहे हे बहुतेकांना शाळेच्या सहलीपुरतंच ठाऊक असतं. किल्ला आजही लष्कराच्या ताब्यात आहे. आतमध्ये ‘नेहरूंची खोली’ दाखवतात. ‘इथे त्यांनी डिस्कव्हरी ऑफ इंडिया लिहिलं’ हे वाक्य नगरच्या प्रत्येक पोराने दहा-वीस वेळा तरी ऐकलेलं असतं. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, ते वाक्य मात्र तसंच आहे.

या वाक्यामुळे एक गैरसमज तयार होतो. एक थोर माणूस एकटा खोलीत बसला आणि त्याने ग्रंथ लिहिला, असं चित्र डोळ्यासमोर येतं. प्रत्यक्षात तिथे बारा जण होते आणि ते पुस्तक त्या बारा जणांच्या गप्पांतून वर आलं. मला त्या गप्पांत जास्त रस आहे.

८ ऑगस्ट १९४२च्या रात्री मुंबईत गोवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे काँग्रेसच्या पुढाऱ्यांना घरोघरून उचललं आणि एका खास गाडीत बसवलं. गांधीजींना चिंचवडला उतरवून पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये नेलं. कार्यकारिणीच्या लोकांना घेऊन गाडी पुढे नगरला आली. ते कुठे आहेत हे सरकारने सुरुवातीला कुणाला सांगितलं नाही. पहिले काही आठवडे वर्तमानपत्र नाही, पत्र नाही. आपण फोन एअरप्लेन मोडवर टाकतो तो आपल्या मर्जीने. इथे मर्जी सरकारची होती, आणि ती पावणेतीन वर्षं टिकली.

आता बारा जण कोण, ते बघा. मौलाना अबुल कलाम आझाद, तेव्हाचे काँग्रेसचे अध्यक्ष. जवाहरलाल नेहरू. वल्लभभाई पटेल. गोविंद वल्लभ पंत. आचार्य नरेंद्र देव, समाजवादी आणि बौद्ध तत्त्वज्ञानाचे अभ्यासक. दिल्लीचे बॅरिस्टर असफ अली. ज्या दिवशी ते पकडले गेले त्याच दिवशी त्यांच्या पत्नी अरुणा असफ अलींनी गोवालिया टँकवर झेंडा फडकवला आणि त्या भूमिगत झाल्या. सिंधी आचार्य कृपलानी. मछलीपट्टणचे डॉक्टर पट्टाभी सीतारामय्या, ज्यांनी आंध्रा बँकही काढली होती. रसायनशास्त्रातले डॉक्टरेट प्रफुल्लचंद्र घोष. ओडिशाचे हरेकृष्ण महताब. नेहरूंचे केंब्रिजपासूनचे मित्र सय्यद महमूद. आणि आपले शंकरराव देव.

नेहरूंनी पुस्तकाच्या प्रस्तावनेत या मंडळींच्या भाषांची यादीच दिली आहे. संस्कृत, पाली, अरबी, फारसी या जुन्या भाषा. हिंदी, उर्दू, बंगाली, गुजराती, मराठी, तेलुगू, सिंधी, ओडिया या आजच्या. म्हणजे एका अंगणाभोवतीच्या खोल्यांत बारा भाषा, आणि इंग्रजी वेगळीच.

मी ज्या प्रकारची कामं करतो त्यांत ‘रेकमेंडेशन’ हा शब्द दिवसातून चार वेळा येतो. तुम्हाला गाणं, पुस्तक किंवा ॲनिमे सुचवणाऱ्या यंत्रणेची एक साधी युक्ती ही की, तुमच्यासारखी आवड असलेली माणसं शोधायची आणि त्यांना जे आवडलं ते तुमच्यापुढे ठेवायचं. ‘मॉन्स्टर’ आवडला? मग हे बघ. युक्ती चालते, पण ती तुम्हाला तुमच्याच गल्लीत फिरवत राहते. माझ्या आवडीच्या यादीतल्या निम्म्या गोष्टी मात्र माझ्यासारख्या नसलेल्या लोकांकडून आल्या आहेत. ज्या मित्राला मी ‘कोसला’ वाचायला दिली त्याने मला बदल्यात ‘मुशिशी’ दाखवली, आणि या दोन गोष्टी शेजारी ठेवील असं गणित मला अजून भेटलेलं नाही. नगरच्या बराकीत हे असंच घडत होतं. तिथे कुणी कुणासारखं नव्हतं, आणि उठून दुसरीकडे जायची सोय नव्हती.

नेहरूंनी पुस्तक लिहिलं एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत. विषय सिंधू संस्कृतीपासून दुसऱ्या महायुद्धापर्यंतचा, आणि तुरुंगात संदर्भग्रंथ हवे तेव्हा हवे ते मिळायचे नाहीत. मग संदर्भ कुठून यायचे? शेजारच्या खोलीतून. प्रस्तावनेत ते सगळ्या सोबत्यांचे आभार मानतात आणि चार नावं खास घेतात: आझाद, पंत, नरेंद्र देव आणि असफ अली. आझादांच्या विद्वत्तेने आनंद व्हायचा आणि कधी कधी दडपणही यायचं, असं त्यांनी मोकळेपणाने सांगितलंय. अर्पणपत्रिकेतही याच सोबत्यांचा उल्लेख आहे, आणि तारखा आहेत: ९ ऑगस्ट १९४२ ते २८ मार्च १९४५.

लिहिणारे नेहरू एकटे नव्हते. पट्टाभींनी ‘फेदर्स अँड स्टोन्स’ इथेच लिहिलं. महताबांनी ओडिशाच्या इतिहासाचं काम केलं. नरेंद्र देव दम्याने हैराण असत, तरी वसुबंधूच्या ‘अभिधर्मकोशा’चं हिंदी भाषांतर करत बसले. मूळ संस्कृत ग्रंथ, त्याचं बेल्जियन पंडित पूसाँ यांनी केलेलं फ्रेंच भाषांतर, आणि त्यावरून नगरमध्ये हिंदी! त्यांच्या ‘बौद्ध धर्म दर्शन’ला पुढे १९५७चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा ते हयात नव्हते.

पण माझा आवडता माणूस या बराकीत मौलाना आझाद आहे. ते पहाटे तीन-चारला उठत, स्वतःचा चहा स्वतः करत आणि लिहायला बसत. चहा म्हणजे चिनी, ‘व्हाइट जॅस्मिन’. दुधाचा थेंब नाही. दूध घातलेल्या चहाला ते चहा मानायलाच तयार नव्हते. आपल्या अमृततुल्यवाल्यांचं त्यांच्याशी एक मिनिट जमलं नसतं. साखरही त्यांना अगदी स्वच्छ, पांढरी, स्फटिकासारखी लागे. नेहरू गोडाचे शौकीन, त्यांना गूळसुद्धा चाले. साखरे-साखरेतला फरक नेहरूंना पटवून द्यायचा मौलानांनी हजारदा प्रयत्न केला आणि हात टेकले, हे त्यांनीच लिहून ठेवलंय. आपली सर्वांत लाडकी गोष्ट मित्रापुढे ठेवावी आणि त्याने ‘हां, बरी आहे’ म्हणावं, हे दुःख किती जुनं आहे पाहा.

हे सगळं आहे त्यांच्या ‘गुबार-ए-खातिर’ या उर्दू पुस्तकात. ही पत्रं आहेत, हबीबुर्रहमान खाँ शेरवानी या स्नेह्याला लिहिलेली. पण टपालात एकही गेलं नाही, कारण तशी परवानगीच नव्हती. दोघांचं नातं विद्येचं आणि रसिकतेचं. राजकारण त्यात नव्हतं. १९४६मध्ये ती पत्रं पुस्तकरूपाने आली. त्यांत अरबी, फारसी, उर्दूचे शेकडो शेर पेरलेले आहेत, बहुतेक आठवणीतून. पुढे साहित्य अकादमीसाठी मालिक राम यांनी १९६७ची आवृत्ती तयार केली तेव्हा एकेका शेराचा माग काढत बसावं लागलं. सर्च बार नसलेल्या डोक्यात एवढं साठवलेलं असतं ही कल्पनाच मला जरा घाबरवते.

त्यात चिमण्यांची एक लांबलचक गोष्ट आहे. खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्यांशी मौलानांनी आधी बांबू घेऊन युद्ध पुकारलं, मग हार मानून तांदळाचे दाणे टाकायला सुरुवात केली. मग त्यांची नावं ठेवली. एक मोती, एक कलंदर. तुरुंगाधिकाऱ्यालाही बराकीत ‘चीता खान’ हे टोपणनाव मिळालं, तेही चांदबिबीच्या काळातल्या एका माणसाच्या नावावरून. किल्ला कुणाचा आहे हे त्यांच्या डोक्यात सतत असायचं.

आणि संगीत. सप्टेंबर १९४३च्या पत्रात त्यांनी आपलं गुपित उघडं केलं. कडक धार्मिक घरातला हा मुलगा कलकत्त्यात तरुणपणी सतार शिकला होता, तीही चार-पाच वर्षं रियाज करून. आग्र्याला चांदण्या रात्री ताजमहालाच्या यमुनेकडच्या बाजूला जाऊन वाजवत बसायचा. हे वाचताना एक गोष्ट लक्षात येते. बराकीत सतार नव्हती. पुस्तकाबद्दल बोलता येतं, शेर म्हणून दाखवता येतो, चहा कपात ओतून देता येतो. संगीताचं मात्र वर्णनच द्यायचं, आणि मौलाना पानामागून पानं तेच करतात.

सगळ्याच गोष्टींची अदलाबदल होत नाही. एप्रिल १९४३मध्ये कलकत्त्यात त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम अखेरच्या आजारात होत्या. सरकारकडे विनंती केली तर काही होऊ शकेल असं सुचवलं गेलं. नेहरूंनीही विषय काढला. मौलानांनी नकार दिला. या सरकारकडे काही मागायचं नाही. ९ एप्रिलला त्या गेल्या. दोन दिवसांनी लिहिलेल्या पत्रात ते सांगतात की रोजचं वेळापत्रक त्यांनी मोडलं नाही, चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. आवारात एक जुनी कबर होती, तिच्याकडे नजर जाई. अंगणापलीकडे अकरा मित्र होते, आणि हे त्यांनी सांगितलं ते न पोचणाऱ्या पत्राला.

तुरुंगातल्या अशा मैफली महाराष्ट्राला नव्या नव्हत्या. १९३२मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी उतरवून घेत. त्याची ‘गीता प्रवचने’ झाली. पुढच्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली. पण धुळ्यात सांगणारा एक आणि ऐकणारे अनेक होते. नगरमध्ये प्रत्येकाकडे आपला खजिना होता आणि प्रत्येकाला आपलाच थोर वाटत असणार.

म्हणून पुढचा भाग मला विशेष टोचतो. ‘भाषांनी एकत्र राहावं’ याचं एवढं सुंदर प्रात्यक्षिक जिथे झालं, तिथल्याच माणसांपुढे काही वर्षांत भाषावार प्रांतांचा प्रश्न आला. १९४८च्या अखेरीस काँग्रेसने जी समिती नेमली तिचं नाव ‘जेव्हीपी’: जवाहरलाल, वल्लभभाई, पट्टाभी. तिघेही नगरच्या बराकीतले. त्यांनी १९४९मध्ये सांगितलं की भाषावार प्रांत इतक्यात नकोत. आंध्रचा विचार करता येईल, पण मुंबई शहर महाराष्ट्रात नको. त्याच वेळी संयुक्त महाराष्ट्र परिषदेचं अध्यक्षपद कुणाकडे होतं? शंकरराव देवांकडे. बराकीतल्या मराठी माणसाकडे.

पुढे तर अजबच. जानेवारी १९५६मध्ये मुंबई केंद्रशासित ठेवण्याची घोषणा पंतप्रधान नेहरूंनी केली आणि मुंबईत गोळीबार झाले, माणसं मेली. केंद्रात गृहमंत्री होते गोविंद वल्लभ पंत. मुंबईचे राज्यपाल होते हरेकृष्ण महताब. म्हणजे फ्लोरा फाउंटनवर आज जे हुतात्मा स्मारक उभं आहे, त्या दिवसांतली सही करणारी, घोषणा करणारी आणि विरोध करणारी माणसं नगरच्या एकाच अंगणात पावणेतीन वर्षं राहिलेली होती. त्यांनी एकमेकांच्या भाषांतली सगळ्यात चांगली वाक्यं ऐकली होती.

याचा अर्थ त्या गप्पा खोट्या होत्या का? मला तसं वाटत नाही. नेहरूंच्या पुस्तकात भारताच्या अनेकपणाबद्दलचं जे प्रेम आहे ते खरं आहे. पण एखाद्याच्या भाषेतलं काव्य आवडणं वेगळं आणि त्या भाषेत सातबारा, कोर्ट आणि कचेरी मिळावी ही मागणी मान्य करणं वेगळं. पहिलं रसिकतेत बसतं, दुसऱ्यात सत्ता वाटून द्यावी लागते. बराकीत वाटून द्यायला सत्ता नव्हतीच, कदाचित म्हणूनच तिथे इतकं जमलं.

‘डिस्कव्हरी’च्या पहिल्याच प्रकरणात नेहरू बागेबद्दल लिहितात. अंगणातली जमीन कडक, दगडमातीची. ते ऊन-वाऱ्यात तासन्‌तास खणत, फुलांचे वाफे करत. खणताना जुन्या भिंती लागत, जमिनीखाली गेलेल्या इमारतींचे घुमट लागत. फार खोल जायला अधिकाऱ्यांची परवानगी नव्हती. एकदा एका भिंतीवर दगडात कोरलेलं कमळ सापडलं. बहुधा कुठल्या तरी दरवाज्याच्या वरचं.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झालं तेव्हा उद्घाटनाला मुंबईत नेहरू आले होते. गृहमंत्री पंतच होते. पटेल, असफ अली, नरेंद्र देव, आझाद आणि पट्टाभी तोवर गेले होते. शंकरराव देव सत्तेच्या राजकारणातून बाहेर पडून विनोबांच्या भूदानात रमले होते. तीन वर्षांनी, वयाच्या सत्तरीकडे झुकताना, चीनशी झालेल्या युद्धानंतर ते मैत्रीयात्रा घेऊन दिल्लीहून पेकिंगच्या दिशेने पायी निघाले.