सुरतेच्या वाटेवरचे धावते पाय

सतराव्या शतकात सुरतेहून आग्र्याला निघालेला माणूस बुऱ्हाणपूर दरवाज्यातून बाहेर पडे. पुढे बारडोली, वालोड, नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा करत वाट बुऱ्हाणपूरला पोचायची आणि तिथून उत्तरेला वळायची. नवापूरच्या तांदळाला कस्तुरीसारखा वास येतो, असं तेव्हाचे प्रवासी कौतुकाने लिहून गेले आहेत. या वाटेवर उंट होते, निळीच्या आणि कापडाच्या गाड्या होत्या, लमाणांचे तांडे होते. या सगळ्यांना मागे टाकत एक जण अनवाणी पळत जायचा. त्याच्याजवळ माल नसे, फक्त कागद असत. सुरतेचे इंग्रज वखारवाले त्याला पत्तामार म्हणत, फारसी दप्तरात तो कासीद होता आणि मराठी कागदपत्रांत जासूद.

पळणं हा त्याचा रोजगार होता. आज लांब पल्ल्याच्या शर्यतींवर पोट भरू पाहणारी मुलं याच पट्ट्यातल्या डांग, नंदुरबार आणि नाशिकच्या डोंगरांतून येतात. त्यांची गोष्ट कुणी ऑलिंपिकपासून सुरू करतं, कुणी मुंबई मॅरेथॉनपासून. खरं तर ती या वाटेपासून सुरू व्हायला हवी.

पॅरिसचा जवाहिऱ्या जाँ-बाप्तिस्त ताव्हर्निये त्या काळात अनेकदा सुरतेला आला. हिंदुस्थानात घोडेस्वारापेक्षा पायी पळणारा टपाली लवकर पोचतो, असं त्याने नोंदवून ठेवलं आहे आणि त्याचं कारणही दिलं आहे. दर दोन कोसांच्या आसपास एक झोपडी असे आणि तिथे ताज्या दमाची माणसं बसलेली असत. पळत आलेला जासूद पत्रं दुसऱ्याच्या हातात देत नसे, कारण तो अपशकुन मानला जाई. तो ती झोपडीत जमिनीवर टाकायचा. दुसरा वाकून उचलायचा आणि निघायचा. जिथे वाटेच्या कडेला झाडं नसत तिथे पाचशे-पाचशे पावलांवर दगडांचे ढीग रचलेले असत आणि जवळच्या गावच्या लोकांनी ते चुन्याने पांढरे ठेवायचे असत. काळोख्या रात्री, भर पावसात पळणाऱ्याला वाट दिसावी म्हणून ही व्यवस्था होती.

या पांढऱ्या ढिगांपाशी थोडं थांबायला हवं. एका माणसाच्या पळण्यासाठी गावंच्या गावं चुना कालवत होती. आजच्या रस्त्यावरच्या शर्यतीत किलोमीटरचे फलक, पाण्याची टेबलं आणि अडथळे लावणारे स्वयंसेवक असतात. तेवढी सोय या माणसाला रोजच्या कामावर होती, कारण त्याच्या वेळेवर पोचण्यात अनेकांचे पैसे अडकलेले असत.

ते पैसे कसे अडकायचे, हे सुरतेच्या व्यापारावरून कळतं. इंग्रजांची वखार १६१३ च्या सुमारास इथे पक्की झाली. आग्र्याजवळच्या बयान्याची नीळ, बुऱ्हाणपूरचं कापड, अहमदाबादचा माल हे सगळं सुरतेच्या बंदरातून जहाजावर चढे. जहाजं वाऱ्याच्या हंगामावर बांधलेली. आग्र्याचा भाव चार दिवस आधी कळला तर खरेदीत नफा, उशिरा कळला तर जहाज अर्धं रिकामं. सुरतेच्या सराफांच्या हुंड्याही याच पायांवर चालत. किनाऱ्यालगत वेगाने धावणाऱ्या गलबताला आपल्याकडे फत्तेमारी किंवा पत्तेमारी म्हणत आले. जमिनीवरचा पत्तामार आणि समुद्रातली पत्तेमारी यांचं नाव सारखं असावं, यावरून त्या काळी वेगाला किती मोल होतं ते लक्षात येतं.

कधी खबर वेळेवर येऊनही उपयोग होत नसे. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज गणदेवीपर्यंत आल्याची बातमी सुरतेत एक दिवस आधी पोचली होती. सुभेदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला, आणि दुसऱ्या दिवशी महाराजांचा तळ बुऱ्हाणपूर दरवाज्याबाहेरच्या बागेत पडला. पळणाऱ्याने आपलं काम चोख केलं होतं, ऐकणाऱ्याने केलं नाही.

मराठी राज्यातही हा धंदा मोठा होता. पेशवाईतल्या पत्रांत ‘जासूद जोडी’ पुन्हा पुन्हा भेटते. वाटेत एकाला काही झालं तर पत्र तरी पोचावं, म्हणून दोघे बरोबर धाडत. मुदतीचे करारही होत. त्याचा सगळ्यांत हृदयद्रावक पुरावा पानिपतचा आहे. १४ जानेवारी १७६१ ला युद्ध झालं. पेशवे नानासाहेब उत्तरेला निघाले असताना नर्मदेपाशी त्यांच्या माणसांना एक कासीद सापडला. तो पेशव्यांचा नव्हता, औरंगाबादच्या सावकारांचा होता, आणि पानिपताहून निघाल्यापासून नवव्या दिवशी औरंगाबाद गाठण्याची त्याची बोली होती. त्याच्याजवळच्या पत्रात मोत्यांच्या आणि मोहरांच्या सांकेतिक भाषेत पराभवाची बातमी होती. इतिहासकार ग्रँट डफने ही हकीगत लिहून ठेवली. मराठी माणसाला ती पाठ आहे, पण त्यातल्या कासिदाकडे कुणाचं लक्ष जात नाही. लाखाची फौज बुडाल्याची पहिली खबर मजुरीवर पळणाऱ्या एका माणसाने आणली. त्याचं नावही कुठे लिहिलेलं नाही.

पुढे इंग्रजी अमलात हरकारा आला. खांद्यावर थैली, हातात भाला आणि जनावरं दूर राहावीत म्हणून भाल्याला घुंगरू. १८५४ मध्ये अर्ध्या आण्याचं तिकीट निघालं आणि टपाल गरिबाच्याही आवाक्यात आलं. १८६० मध्ये अंकलेश्वरहून सुरतेसमोरच्या उतराणपर्यंत आगगाडी धावली, चार वर्षांत ती मुंबईला जोडली गेली. १९०० च्या सुमारास ताप्ती व्हॅली रेल्वे उधना, व्यारा, नवापूर, नंदुरबार अशी थेट त्या जुन्या पत्तामाराच्या वाटेवरूनच पुढे सरकली. धावणाऱ्यांचा रोजगार सपाटीवरून उठला आणि जिथे रूळ पोचत नव्हते त्या डोंगरांत जाऊन राहिला.

नेमक्या याच सुमारास युरोपात पळण्याचा खेळ झाला, आणि त्या खेळाने पैशाला दार बंद केलं. हौशी खेळाडू कोण, याची इंग्लंडमधली सुरुवातीची व्याख्या तर अशी होती की हाताने काम करणारा कारागीर आणि मजूर तिच्यात बसतच नव्हता. फिनलंडच्या पाव्हो नुर्मीने ९ ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकली. पण प्रवासखर्चाच्या नावाखाली पैसे घेतल्याच्या आरोपावरून १९३२ मध्ये त्याला लॉस एंजलिसला धावू दिलं नाही. सुरतेच्या वाटेवरचा पत्तामार त्या नियमांखाली आयुष्यभर बाद ठरला असता.

अशा काळात, १९१९ मध्ये, पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर खेडुतांची शर्यत झाली. दोराबजी टाटा जिमखान्याचे अध्यक्ष होते. शेतकऱ्यांची पोरं अनवाणी धावत होती. त्यांचा दम पाहून ही मुलं ऑलिंपिकला न्यावीत असं टाटांच्या मनात आलं, आणि त्यांनी स्वतःचा पैसाही त्यात घातला. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला सहा जणांचा संघ गेला. बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले. त्या वर्षीचं अंतर ४२.७५ किलोमीटर होतं, म्हणजे आजच्यापेक्षाही जास्त. चौगुल्यांनी ते २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत पार केलं आणि एकोणिसावे आले. पहिल्या आलेल्या हानेस कोलेहमाइनेनपेक्षा साधारण १८ मिनिटं उशिरा. एकदा ऑलिंपिक धावून आलेल्या माणसाला पुढे पळण्यावर जगता येईल, अशी कुठलीच वाट तेव्हाच्या हिंदुस्थानात नव्हती. बक्षिसाचा रुपया घेतला तर खेळाडूपण जात होतं.

या कोंडीतून आपल्याकडे जी पळवाट निघाली ती नोकरीची. पळण्याचे पैसे द्यायचे नाहीत, पण पळणाऱ्याला रेल्वेत, पोलिसात, फौजेत, तेल कंपनीत घ्यायचं आणि सरावाला मोकळं ठेवायचं. पदक आणि नोकरी यांची गाठ खाशाबा जाधवांच्या वेळीच पडली होती. १९५२ मध्ये हेलसिंकीत कुस्तीचं कांस्य मिळवलेले खाशाबा १९५५ मध्ये पोलीस उपनिरीक्षक झाले. लांब पल्ल्याच्या धावपटूंनीही हीच वाट धरली. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरचं कांस्य आणि ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य घेऊन आली. तिचा महिन्याचा पगार ओएनजीसीतून येत होता. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर रेल्वेकडून धावली, मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीनदा पहिली आली, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली आणि पुढे महाराष्ट्रात उपजिल्हाधिकारी झाली. बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळे महार रेजिमेंटचा जवान.

१९८० च्या दशकात ॲथलेटिक्समध्ये पैसा उघडपणे घेता येऊ लागला. २००४ मध्ये मुंबई मॅरेथॉन सुरू झाली आणि रस्त्यावरच्या शर्यतींचा बाजार आपल्याकडेही उभा राहिला. पण त्या बाजारात गावाकडच्या पोराच्या वाट्याला काय येतं? २०२४ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये एकूण विजेत्याला ५० हजार डॉलर होते आणि भारतीयांत पहिल्या आलेल्याला ५ लाख रुपये. पूर्ण मॅरेथॉन वर्षातून दोन-तीनदाच झेपते. दूध, अंडी, बूट, फिजिओ, रेल्वेभाडं हे सगळं त्यातूनच भागवायचं. वर्षाच्या सुरुवातीला घोटा मुरगळला तर वर्ष कोरडं. नोकरीशिवाय पूर्णवेळ धावणं म्हणूनच थोड्यांनाच परवडतं.

सुरतेच्या दक्षिण-पूर्वेला डांग आहे. १९६० ला राज्यं वेगळी झाली तेव्हा तो गुजरातेत गेला, पण तिथल्या डांगी बोलीत मराठी, गुजराती आणि खानदेशी अजून एका ताटात जेवतात. दिवाळीनंतर इथली कुटुंबं कोयते घेऊन बारडोली-सुरत पट्ट्यातल्या साखर कारखान्यांच्या ऊसतोडीला उतरतात. म्हणजे पत्तामाराची जुनी वाट आता ऊसतोड्याची आहे. याच डांगमधल्या कुमारबंधचा मुरली गावित. एप्रिल २०१९ मध्ये दोह्याला आशियाई ॲथलेटिक्स स्पर्धेत त्याने १० हजार मीटरचे २५ फेरे २८ मिनिटं ३८.३४ सेकंदांत संपवले आणि तिसऱ्या क्रमांकाने रेषा ओलांडली. त्याच्या आदल्या वर्षी डांगचीच सरिता गायकवाड जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सोनं जिंकलेल्या ४ बाय ४०० मीटर रिले संघात होती. गुजरात सरकारने तिला १ कोटी रुपये दिले आणि पुढे पोलीस उपअधीक्षक केलं. तिचं अंतर लांब पल्ल्याचं नव्हे, पण पळून मिळालेल्या नोकरीची डांगच्या घराघरात पोचलेली गोष्ट तिचीच आहे.

ती गोष्ट ऐकून पहाटे उठणारी बहुतेक मुलं शर्यतीसाठी पळतच नाहीत. ती भरतीसाठी पळतात. नंदुरबार-नवापूरच्या बाजूला कुठल्याही मुलाला विचारा, तो ‘सोळाशे’ची वेळ सांगेल, कारण महाराष्ट्र पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळावं लागतं. तालुक्याच्या गावात भरती अकॅडम्या आहेत. कुणी उसाचा हंगाम संपवून फी भरतं, कुणी बहिणीचं कानातलं मोडून. पहाटे पाचला मोबाईलच्या उजेडात चुन्याने आखलेल्या फेऱ्या, शिट्टी, स्टॉपवॉच, आणि ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत आलो की पैकीच्या पैकी गुण.

नवापूर स्टेशनाच्या मधून राज्याची हद्द जाते. फलाटावरच्या एका बाकाचं अर्धं अंग महाराष्ट्रात आहे, अर्धं गुजरातेत. त्या बाकाच्या पलीकडच्या टोकाला बसलेल्या मुलाला ५ किलोमीटर पळायचे असतात, २५ मिनिटांत, कारण गुजरात पोलिसांत तोच नियम आहे. अलीकडचा सोळाशेचा सराव करतो. सुरतेची गाडी आली की दोघेही एकाच डब्यात चढतात.