इम्पेटिगो : ‘उष्णता’ नव्हे, संसर्ग

जळगाव-धुळ्याकडे दमट दिवसांत लहान मुलांच्या नाकातोंडाभोवती फोड येतात, ते फुटून मधाच्या रंगाची खपली धरते. आजी म्हणते, ‘उष्णता बाहेर पडतेय.’ पण हा आजार एका मुलाकडून दुसऱ्याला लागतो, हे लंडनच्या टिलबरी फॉक्स यांनी १८६४ मध्येच लिहून ठेवले. तेही जंतू दिसण्याआधी! पुवातला स्टॅफिलोकोकस पुढे ऑग्स्टन यांनी दाखवला. आपल्याकडे १९५५ पासून पिंपरीत पेनिसिलिन बनू लागले. आता मात्र साध्या पेनिसिलिनला हा जंतू सहसा दाद देत नाही, म्हणून उरलेली औषधे परस्पर देऊ नका. मुलाचा टॉवेल वेगळा ठेवा. फोडांनंतर काही आठवड्यांत चेहरा सुजला किंवा लघवी लालसर झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. स्ट्रेप्टोकोकसमुळे किडनीला सूज आलेली असू शकते.