बेंगळुरू एफसी : सात चषकांचा क्लब आणि पायाखालची अस्थिर जमीन

बेंगळुरू : स्थापनेनंतर अवघ्या नऊ महिन्यांत देशाचे साखळी विजेतेपद पटकावणारा बेंगळुरू फुटबॉल क्लब हा भारतीय फुटबॉलमधील अलीकडच्या काळातील सर्वांत यशस्वी क्लबांपैकी एक मानला जातो. दोन आय-लीग विजेतेपदे, दोन फेडरेशन चषक आणि सुपर कप, इंडियन सुपर लीग (आयएसएल) व ड्युरँड चषक प्रत्येकी एकदा, असे सात राष्ट्रीय चषक या क्लबने २०१३ ते २०२२ या कालावधीत जिंकले. आशियाई पातळीवर एएफसी चषकाची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. मात्र याच क्लबने ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या मुख्य संघातील खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे वेतन अनिश्चित काळासाठी थांबवल्याचे जाहीर केले. शिस्तबद्ध व्यवस्थापनाचा आदर्श म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवले जात होते, त्याच क्लबवर ही वेळ आल्याने देशातील व्यावसायिक फुटबॉलचा पाया किती भक्कम आहे, हा प्रश्न ठळकपणे समोर आला.

बेंगळुरूला फुटबॉल नवे नव्हते. लष्करी छावणीच्या आसपासच्या वस्त्यांत हा खेळ ब्रिटिश काळापासून रुजलेला होता. मुंबईत १८९१ पासून खेळवल्या जाणाऱ्या रोव्हर्स चषकावर ब्रिटिश पलटणींच्या संघांचे वर्चस्व होते. ते मोडून काढत १९३७ मध्ये हा चषक जिंकणारा पहिला भारतीय संघ कोलकात्याचा नव्हे, तर बेंगळुरूचा होता. त्या बंगलोर मुस्लिम्स संघाने पुढच्याच वर्षी हे यश पुन्हा मिळवले. याच संघातून पुढे आलेले अहमद खान ईस्ट बंगालच्या गाजलेल्या आघाडीच्या फळीत दाखल झाले. लंडन ऑलिम्पिकमध्ये १९४८ साली फ्रान्सविरुद्ध भारताचा एकमेव गोल करणारे सारंगपाणी रामनही याच शहराचे. त्या काळच्या म्हैसूर राज्याच्या संघाने संतोष करंडक चार वेळा जिंकला. त्यातील शेवटचे विजेतेपद १९६८-६९ च्या हंगामातील होते.

त्यानंतर मात्र शहरातील फुटबॉल प्रामुख्याने सार्वजनिक उपक्रमांच्या आश्रयाने टिकून राहिला. आयटीआय आणि हिंदुस्तान एरोनॉटिक्स (एचएएल) यांचे संघ खेळाडूंना नोकरी देत आणि खेळाडू त्या बदल्यात मैदान गाजवत. मुंबईकरांना ही व्यवस्था चांगलीच परिचयाची आहे. एअर इंडिया, ओएनजीसी आणि महिंद्र युनायटेड हे तिचेच प्रतिनिधी होते. महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. आशियाई फुटबॉल महासंघाच्या परवाना निकषांत न बसल्याने एअर इंडिया आणि ओएनजीसी यांना २०१३ मध्ये आय-लीगमधून बाहेर पडावे लागले. एचएएलची त्याआधीच, २०११-१२ च्या हंगामाअखेर, खालच्या श्रेणीत घसरण झाली होती. कचेरीच्या हजेरीपटावर चालणारा फुटबॉल संपत आला होता आणि त्याची जागा घेणारे मात्र अद्याप कोणी नव्हते.

या पोकळीतच बेंगळुरू एफसीचा जन्म झाला. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने उद्योगसमूहांना नवे संघ काढण्यासाठी पाचारण केले आणि आय-लीगमध्ये थेट प्रवेश देऊ केला. मुंबईत मुख्यालय असलेल्या, कर्नाटकातील बळ्ळारी भागात पोलादाचा मोठा प्रकल्प चालवणाऱ्या जेएसडब्ल्यू समूहाने बेंगळुरूसाठी हा प्रवेश मिळवला. २० जुलै २०१३ रोजी क्लबची औपचारिक स्थापना झाली. पार्थ जिंदाल यांच्याकडे सूत्रे आली, मँचेस्टर युनायटेडच्या युवा संघात घडलेले इंग्लंडचे अॅशले वेस्टवूड प्रशिक्षक झाले आणि राष्ट्रीय संघाचा कर्णधार सुनील छेत्री करारबद्ध झाला. छेत्रीची निवड हा क्लबच्या इतिहासातील बहुधा सर्वांत महत्त्वाचा निर्णय होता. त्यानंतरच्या प्रत्येक चषकावर कोठे ना कोठे त्याची मुद्रा आहे.

अशोकनगर भागातील बंगलोर फुटबॉल स्टेडियमवर, कृत्रिम हिरवळीच्या लहानशा मैदानावर, २२ सप्टेंबर २०१३ रोजी मोहन बागानविरुद्ध पहिला सामना झाला. तो १-१ असा बरोबरीत सुटला. क्लबचा पहिला गोल ऑस्ट्रेलियाच्या शॉन रूनीने केला. त्या मैदानाच्या पश्चिमेकडील सज्जात उभ्याने गाणी म्हणणाऱ्या तरुणांनी स्वतःला ‘वेस्ट ब्लॉक ब्लूज’ हे नाव दिले. क्रिकेटच्या आणि संगणकाच्या या शहरात फुटबॉलला प्रेक्षक मिळणार नाहीत, हा अंदाज पहिल्याच हंगामात चुकीचा ठरला.

विजेतेपदाचा निर्णय गोव्यात लागला. मडगावजवळच्या फातोर्डा मैदानावर २१ एप्रिल २०१४ रोजी बेंगळुरूने डेम्पोला ४-२ असे नमवून पदार्पणातच आय-लीग जिंकली. पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला डेम्पो हा गोव्याच्या फुटबॉलचा मानबिंदू. त्याच्याच अंगणात वर्षभराचेही वय नसलेल्या क्लबने चषक उचलला, ही बाब गोव्यातील रसिकांना दीर्घकाळ सलत राहिली असल्यास नवल नाही. त्या हंगामात छेत्रीने १४ गोल केले. पुढील जानेवारीत, ११ जानेवारी २०१५ रोजी, त्याच फातोर्डावर त्याच डेम्पोला २-१ असे हरवून बेंगळुरूने फेडरेशन चषकही मिळवला.

दुसऱ्या हंगामात क्लब श्री कंठीरव स्टेडियमवर स्थलांतरित झाला. आय-लीग राखण्याची संधी ३१ मे २०१५ च्या शेवटच्या सामन्यापर्यंत कायम होती. बेंगळुरूला विजय हवा होता, मोहन बागानला बरोबरी पुरेशी होती. जॉन जॉन्सनच्या गोलमुळे यजमान आघाडीवर होते. मात्र सामना संपायला अवघी काही मिनिटे उरली असताना, ८७ व्या मिनिटाला, बेलो रझाकने हेडर मारून बरोबरी साधली आणि चषक कोलकात्याला गेला. ही सल बेंगळुरूने वर्षभरातच भरून काढली. १७ एप्रिल २०१६ रोजी साळगावकर संघाला २-० असे पराभूत करून क्लबने दुसऱ्यांदा आय-लीग जिंकली. त्यानंतर वेस्टवूड यांनी निरोप घेतला.

बार्सिलोनाच्या मुख्य संघात साहाय्यक म्हणून काम केलेले स्पेनचे अल्बर्ट रोका त्यांच्या जागी आले आणि क्लबच्या खेळाची धाटणी बदलली. लांब पल्ल्याच्या चेंडूंऐवजी छोट्या पासवर भर देण्यात आला. त्याचे फळ एएफसी चषकात मिळाले. आशियातील या दुय्यम श्रेणीच्या क्लब स्पर्धेत त्यापूर्वी डेम्पो (२००८) आणि ईस्ट बंगाल (२०१३) यांची मजल उपांत्य फेरीपर्यंतच गेली होती. बेंगळुरूसमोर उपांत्य फेरीत मलेशियाचा गतविजेता जोहोर दारुल ताझिम हा धनाढ्य संघ होता. पहिली लढत जोहोरमध्ये १-१ अशी बरोबरीत सुटली. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी कंठीरववर पाहुण्यांनी अकराव्या मिनिटालाच गोल केला. त्यानंतर छेत्रीने दोन आणि स्पॅनिश बचावपटू हुआननने एक गोल करून सामना ३-१ असा फिरवला. भारतीय क्लब फुटबॉलच्या इतिहासात याच्या तोडीची रात्र शोधणे कठीण आहे.

दोहा येथे ५ नोव्हेंबर २०१६ रोजी झालेल्या अंतिम सामन्यात मात्र इराकच्या एअर फोर्स क्लबने १-० अशी बाजी मारली. हमादी अहमदने ७० व्या मिनिटाला निर्णायक गोल केला. निलंबनामुळे पहिल्या पसंतीचा गोलरक्षक अमरिंदर सिंग त्या दिवशी खेळू शकला नव्हता. २०१७ मध्येही क्लबने उत्तर कोरियाच्या ‘एप्रिल २५’ संघाला बेंगळुरूत ३-० असे नमवले, परतीच्या लढतीत प्योंगयांगच्या महाकाय मे डे स्टेडियमवर त्यांना गोलशून्य रोखले आणि आंतरविभागीय अंतिम फेरी गाठली. तेथे ताजिकिस्तानच्या इस्तिक्लोलने बेंगळुरूची वाट अडवली. त्याच वर्षी २१ मे रोजी कटक येथे सी. के. विनीतच्या अतिरिक्त वेळेतील दोन गोलांच्या बळावर मोहन बागानला हरवून क्लबने फेडरेशन चषक दुसऱ्यांदा जिंकला. ती या जुन्या स्पर्धेची अखेरची आवृत्ती ठरली.

२०१७ मध्ये बेंगळुरूने आय-लीग सोडून आयएसएलमध्ये प्रवेश केला. पैसा, प्रक्षेपण आणि प्रेक्षक नव्या स्पर्धेकडे वळले होते; मागे राहणे क्लबला परवडणारे नव्हते. पहिल्याच हंगामात १८ सामन्यांत ४० गुण मिळवून संघ अव्वल राहिला. उपांत्य फेरीत पुण्याच्या बालेवाडीत एफसी पुणे सिटीविरुद्ध गोलशून्य बरोबरी झाल्यानंतर कंठीरववर छेत्रीने तीन गोल करून विजय खेचून आणला. अंतिम सामनाही घरच्याच मैदानावर होता. छेत्रीने नवव्या मिनिटाला आघाडी मिळवून दिली, तरीही १७ मार्च २०१८ रोजी चेन्नईयिन एफसीने ३-२ असा विजय मिळवला. महिनाभराने भुवनेश्वरमध्ये ईस्ट बंगालला ४-१ असे हरवून जिंकलेला सुपर कप हे त्या हंगामाचे सांत्वन ठरले.

आयएसएलचा चषक अखेर मुंबईत हाती आला, आणि तो मिळवून दिला मुंबईच्याच खेळाडूने. १७ मार्च २०१९ रोजी अंधेरीतील मुंबई फुटबॉल अरिनावर एफसी गोवाविरुद्धचा अंतिम सामना नियमित वेळेत गोलशून्य राहिला. अतिरिक्त वेळेत गोव्याच्या अहमद जाहूला दुसरे पिवळे कार्ड मिळून बाहेर जावे लागले. ११७ व्या मिनिटाला दिमास देल्गादोच्या कॉर्नरवर बचावपटू राहुल भेकेने हेडर मारला आणि चेंडू जाळ्यात विसावला. प्रशिक्षक कार्लेस कुआद्रात यांच्या संघाने साखळीतही पहिले स्थान मिळवले होते. साखळीत अव्वल राहून अंतिम फेरीही जिंकणारा तो आयएसएलमधील पहिला संघ होता. भेके पुढे मुंबई सिटीकडे गेला, २०२४ मध्ये कर्णधार म्हणून त्या संघाला आयएसएलचा चषक मिळवून दिला आणि त्याच वर्षी बेंगळुरूला परतला. मुंबईच्या मैदानांतून घडलेल्या बचावपटूच्या या कारकिर्दीची मराठी क्रीडारसिकांत व्हावी तेवढी चर्चा झालेली नाही.

यशाच्या या काळातही क्लबला हक्काचे घर नव्हते. कंठीरव हे मुळात राज्य सरकारच्या मालकीचे अॅथलेटिक्सचे मैदान. फुटबॉलमुळे धावपटूंच्या सरावात अडथळा येतो, अशी तक्रार घेऊन अॅथलेटिक्स प्रशिक्षकांनी उच्च न्यायालयात धाव घेतली होती. मैदान मिळेल की नाही, याची शाश्वती नसल्याने २०१९ मध्ये घरचे सामने पुण्याच्या बालेवाडीत हलवण्याचा पर्यायही पुढे आला. अखेर कंठीरवचीच परवानगी मिळाली. धावपटूंची तक्रार अवाजवी नव्हती आणि क्लबची गरजही खोटी नव्हती. एका महानगरात दोन्ही खेळांसाठी पुरेशी मैदाने नसणे हेच या वादाचे मूळ होते.

करोनाकाळातील दोन हंगाम निराशाजनक ठरले. आयएसएलमध्ये क्लब अनुक्रमे सातव्या आणि सहाव्या स्थानी राहिला. कुआद्रात जानेवारी २०२१ मध्ये पायउतार झाले. इंग्लंडच्या सायमन ग्रेसन यांच्या काळात उभारी आली. १८ सप्टेंबर २०२२ रोजी कोलकात्यात मुंबई सिटीला २-१ असे हरवून बेंगळुरूने १८८८ पासून चालत आलेला ड्युरँड चषक प्रथमच जिंकला. हा क्लबचा सातवा चषक. त्याच हंगामात साखळीतील अखेरचे आठ सामने सलग जिंकून संघ बाद फेरीत पोहोचला. तेथे केरळ ब्लास्टर्सविरुद्ध छेत्रीने अतिरिक्त वेळेत झटपट घेतलेल्या फ्री किकवर गोल झाला, तो अमान्य करत केरळचा संघ मैदान सोडून गेला आणि महासंघाने त्यांना चार कोटी रुपयांचा दंड ठोठावला. अंतिम सामन्यात मात्र फातोर्डाने यावेळी साथ दिली नाही. २-२ अशा बरोबरीनंतर एटीके मोहन बागानने पेनल्टी शूटआउटमध्ये ४-३ अशी सरशी साधली.

२०२३-२४ मध्ये थेट दहाव्या स्थानी घसरलेला संघ पुढच्या वर्षी स्पेनच्या जेरार्ड सारागोसा यांच्या मार्गदर्शनाखाली पुन्हा अंतिम फेरीत पोहोचला. ६ एप्रिल २०२५ रोजी फातोर्डावर एफसी गोवाने एकूण २-२ अशी बरोबरी साधली असताना भरपाई वेळेत हेडरवर गोल करणारा खेळाडू होता चाळीस वर्षांचा छेत्री. त्या हंगामात त्याचे १४ गोल झाले. भारतीय खेळाडूंत ते सर्वाधिक होते. १२ एप्रिलला कोलकात्यात मोहन बागानने अतिरिक्त वेळेत २-१ असा विजय मिळवला. आयएसएलच्या चार अंतिम सामन्यांपैकी बेंगळुरूचा हा तिसरा पराभव.

आयएसएलच्या आयोजनाचे हक्क सांगणारा महासंघ आणि व्यावसायिक भागीदार यांच्यातील करार डिसेंबर २०२५ मध्ये संपत होता आणि त्याच्या नूतनीकरणाबाबत निर्णय होत नव्हता. पुढील हंगाम स्थगित ठेवल्याचे आयोजकांनी जुलैत क्लबांना कळवले. सामनेच नसतील तर तिकिटे, पुरस्कर्ते आणि प्रक्षेपणाचे उत्पन्नही नाही. त्यामुळे बेंगळुरू एफसीने ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात वेतन रोखण्याचा निर्णय घेतला. स्पर्धेच्या भवितव्याबाबतची अनिश्चितता हे त्याचे कारण देण्यात आले. खेळाडू आणि कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांचे हित आपल्यासाठी महत्त्वाचे असून तोडग्यासाठी त्यांच्याशी संपर्कात असल्याचे क्लबने नमूद केले. मुलामुलींच्या युवा संघांचे आणि क्लबच्या फुटबॉल शाळांचे कामकाज या निर्णयातून वगळण्यात आले.