आधी इमारत, मग नकाशे

बीआयएम म्हटलं की अनेकांना संगणकाच्या पडद्यावर गोल फिरणारी रंगीत इमारत आठवते. ‘बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग’ या नावातला ‘इन्फर्मेशन’ हा शब्द आपण सहज विसरतो. हे तंत्र जन्मलं, ते मात्र त्या माहितीसाठीच.

कागदावरच्या नकाशांना कंटाळलेले चार्ल्स ईस्टमन हे या तंत्राचे मूळपुरुष. वास्तुकला शिकलेले ईस्टमन 1970च्या दशकात अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात शिकवत होते. 1975 साली अमेरिकी वास्तुविशारदांच्या संस्थेच्या मासिकात त्यांनी एक लेख लिहिला. इमारतीच्या आरेखनात नकाशांची जागा संगणकाने घ्यावी, अशी त्यांची थेट मागणी होती. एकच भिंत प्लॅनमध्ये काढायची, सेक्शनमध्ये काढायची आणि एलिव्हेशनमध्येही काढायची. खिडकी फूटभर सरकली की हे सगळे कागद हुडकून दुरुस्त करायचे. त्यातला एखादा राहून गेला, तर गवंडी नेमका तोच हातात घेऊन काम करणार. ज्याने साइटवर दिवस काढलेत, त्याला हे दुखणं समजावून सांगावं लागत नाही.

संगणकावर रेषा काढणं तेव्हा नवीन नव्हतं. आयव्हन सदरलँड यांनी 1963 मध्येच ‘स्केचपॅड’ करून दाखवलं होतं. पण पडद्यावरची रेषा ही रेषाच राहते. ती विटांची भिंत आहे की काचेची, हे तिला ठाऊक नसतं. ईस्टमन यांच्या ‘बिल्डिंग डिस्क्रिप्शन सिस्टिम’ने इथेच वाट बदलली. खांब, तुळई, दार असा प्रत्येक भाग त्याच्या आकारासह, जागेसह आणि साहित्यासह एकदाच नोंदवायचा. प्लॅन, सेक्शन आणि मालाची मोजणी त्या नोंदीतूनच काढून घ्यायची. जमिनीला जसा एक सातबारा, तशी इमारतीची एक नोंद. माझ्या मते या अर्धशतकातली खरी क्रांती एवढीच आहे. पुढचं सगळं तिचा विस्तार.

विस्तार ठिकठिकाणी झाला. हंगेरीत गाबोर बोयार या भौतिकशास्त्रज्ञाने 1982 मध्ये ‘ग्राफिसॉफ्ट’ ही कंपनी काढली आणि तिच्या ‘आर्किकॅड’ सॉफ्टवेअरने ही कल्पना वैयक्तिक संगणकावर आणली. 1992 मध्ये दोन डच संशोधकांच्या निबंधात आजचं नाव छापून आलं. 2002 मध्ये ‘ऑटोडेस्क’ कंपनीने ‘रेव्हिट’ हे सॉफ्टवेअर विकत घेतल्यावर ते जगभर रुळलं.

अवघड बांधकामात अशा मॉडेलचा कस लागला तो स्पेनमध्ये. वास्तुविशारद फ्रँक गेरी यांच्या कल्पनेतले वळणदार आकार नेहमीच्या नकाशात मावेनात. तेव्हा त्यांच्या कचेरीने विमानं घडवण्यासाठी बनलेलं ‘कातिया’ हे फ्रेंच सॉफ्टवेअर उचललं. 1992च्या ऑलिंपिकच्या वेळी बार्सिलोनात उभारलेल्या धातूच्या प्रचंड माशावर त्याची पहिली परीक्षा झाली आणि मग बिल्बाओच्या गुगेनहाइम संग्रहालयाला हात घातला. तिथे पोलादाच्या तुकड्यांवर बारकोड होते. साइटवर बारकोड वाचला की तो तुकडा कुठे बसणार, ते मॉडेलमधून कळे आणि लेझर यंत्राने नेमकी जागा धरली जाई. 1997 मध्ये संग्रहालय खुलं झालं. त्याच्या चमकत्या टायटॅनियमचं कौतुक खूप झालं. मला त्या बारकोडचं जास्त वाटतं. कारखाना आणि साइट एकाच नोंदीवर विसंबून काम करू शकतात, हे त्यांनी दाखवून दिलं.

आपल्याकडे नागपूर मेट्रोने पाच मितींचं बीआयएम वापरलं. लांबी, रुंदी, उंची या तीन. वेळापत्रक चौथी, खर्च पाचवी. म्हणजे मॉडेलमधला पुलाचा गाळा नुसता दिसत नाही; तो कधी उभा राहायचा आणि त्याला किती पैसे लागायचे, हेही त्यालाच जोडलेलं असतं. ईस्टमन यांनी मालाची मोजणी मॉडेलमधून मागितली होती, तिचंच हे पुढचं पाऊल.

आणि म्हणूनच आपल्याकडे अजूनही पुष्कळ ठिकाणी जे चालतं, ते खटकतं. नकाशे आधी तयार होतात आणि निविदेत अट आहे म्हणून त्यांवरून मागाहून मॉडेल बेतलं जातं. उलटी गंगा आहे ही! दुरुस्त्या मग पुन्हा दोन ठिकाणी होतात आणि 1975चं दुखणं महागड्या सॉफ्टवेअरसकट परत येतं. रुग्णालय असो, महाविद्यालय असो की मेट्रोचं स्थानक, काम करून घेणाऱ्यांनी पहिल्याच बैठकीत मॉडेल मागावं आणि इमारत ताब्यात घेताना शेवटच्या दुरुस्तीपर्यंतची त्याची नोंद पदरात पाडून घ्यावी.