पाण्यावरील नेचा व नांवाची चूक

एकाच नांवाच्या दोन व्यक्ति कागदपत्रांत एक समजल्या गेल्या म्हणजे इतिहासाची किती ओढाताण होते, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. वनस्पतींच्या इतिहासांतहि अशीच एक चूक घडली व तिचें मोल पाण्यावर पोट असणाऱ्या लोकांस द्यावें लागलें, हें दाखविण्याचा आमचा प्रस्तुत हेतु आहे.

ही वनस्पति म्हणजे साल्व्हिनिया वर्गांतील एक तरंगता नेचा होय. तिला खरें मूळ नाहीं. पाण्याखालील एक पानच तंतुमय होऊन मुळासारखें दिसतें. वरील पानांवर रवीच्या आकाराचे केस असल्यानें तीं भिजत नाहींत. तिचीं बीजुकें वांझ असतात. तथापि तुटलेल्या तुकड्यापासून नवें रोप होतें व अनुकूल पाण्यांत थोडक्याच दिवसांत तिची दुप्पट वाढ होते. थरावर थर चढून जाड गादी बनते. खालीं उजेड पोंचत नाहीं, प्राणवायु घटतो व होड्या अडतात.

१९३९ सालीं ही वनस्पति सिंहलद्वीपांत कोलंबो येथें अभ्यासासाठीं आणली गेली व तेथून निसटली. पुढें केरळांत ती कुट्टनाडच्या भातखाचरांत व कालव्यांत पसरली. लोक तिला 'आफ्रिकन पायल' म्हणूं लागले. आफ्रिकेंत तिनें अनर्थ केला होता, हें खरें. झांबेझीवरील करिबा धरणांत १९५८ च्या अखेरीस पाणी अडविल्यावर १९६२ पर्यंत तिनें सुमारें १००० चौरस किलोमीटर जलाशय व्यापिला. परंतु तिचें माहेर आफ्रिका नव्हे.

शास्त्रज्ञ तिला 'ऑरिक्युलाटा' ही दक्षिण अमेरिकेंतील जाति समजत. म्हणून तिचे नैसर्गिक शत्रु त्या जातीच्या प्रदेशांत, त्रिनिदाद व गियाना येथें, शोधले गेले. त्या शोधांत हातीं आलेला एक सोंड्या भुंगा आफ्रिकेंत सोडला. पण कार्य साधलें नाहीं. १९७२ सालीं मिचेल यांनीं ही जाति निराळी ठरवून तिला 'मोलेस्टा', म्हणजे त्रासदायक, असें नांव दिलें. मग १९७८ त तिचें माहेर आग्नेय ब्राझीलमध्यें सांपडलें. तेथील भुंगा पूर्वीचाच मानून १९८० सालीं ऑस्ट्रेलियांतील मूनडारा सरोवरांत सोडला, तेव्हां वर्षा-सव्वा वर्षांत सरोवर मोकळें झालें. पुढें १९८५ त हा भुंगाहि स्वतंत्र जातीचा ठरला. अशी ही दुहेरी गफलत होती.

न्यूगिनींतील सेपिक नदीच्या पूरमैदानांत या गादीनें सुमारें २५० चौरस किलोमीटर पाणी झांकलें होतें. तेथें होडी हाच रस्ता. मासेमारी, बाजार, दवाखाना, सारें तुटलें व कांहीं गांवें ओस पडलीं. भुंगा आल्यावर कांहीं वर्षांतच तें पाणी उघडें झालें. केरळांतहि १९८३-८४ पासून तो सोडला गेला व कुट्टनाडचे बरेच कालवे पुन्हां वाहते झाले.

वनस्पति निर्वंश झालेली नाहीं. भुंगा व ती दोघेंहि टिकून आहेत. पूर्वींच्या शोधकांस दोष देण्याचाहि आमचा उद्देश नाहीं; उपलब्ध पुराव्यावर त्यांनीं निर्णय केला. परंतु नांवाची छाननी हा केवळ पंडितांचा वाद असें जे मानितात, त्यांनीं सेपिककांठच्या ओस घरांचा विचार करावा, इतकेंच आमचें म्हणणें आहे.