रेल्वे, जंगलतोड आणि हवामान : मुंबई इलाख्यातील एकोणिसाव्या शतकाचा अनुभव

प्रस्तावना :
हवामान बदलाची चर्चा प्रामुख्याने कोळसा, खनिज तेल व कारखाने यांच्याभोवती केंद्रित झालेली दिसते. तथापि, १८५० नंतर मानवी व्यवहारांतून वातावरणात गेलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे तीन दशांश वाटा जंगलतोड व जमिनीच्या वापरातील बदल यांचा आहे. त्यामुळे जंगलांचा इतिहास हा हवामानाच्या इतिहासाचाही भाग ठरतो. प्रस्तुत लेखात या दृष्टीने मुंबई इलाख्यातील अनुभवाचा आढावा घेतला आहे.

जहाजे, लोहमार्ग आणि लाकूड :
वृक्षतोड इंग्रजी राजवटीपूर्वीही होत होती. मात्र आरमारासाठी रयतेची आंबा-फणसाची झाडे बळाने तोडू नयेत, असा दंडक अठराव्या शतकाच्या आरंभीच्या ‘आज्ञापत्रा’त आढळतो. कंपनीच्या काळात मागणीचे स्वरूप पालटले. मुंबईच्या गोदीत पश्चिम किनाऱ्यावरील सागवानापासून ब्रिटिश आरमाराची जहाजे बांधली जाऊ लागली. १८१७ मध्ये येथे बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज आजही इंग्लंडमध्ये जतन केलेले आहे.

१६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली आणि या मागणीला नवे परिमाण लाभले. भारतातील लोहमार्गांची लांबी १८६० मध्ये सुमारे १,३५० किलोमीटर होती. १९१० पर्यंत ती ५१,००० किलोमीटरांच्या पुढे गेली. रुळांखालील लाकडी स्लीपर काही वर्षांत कुजत व पुन्हा बदलावे लागत. शिवाय कोळसा सहज उपलब्ध होईपर्यंत अनेक मार्गांवर इंजिनात लाकूडच जाळले जाई.

धोक्याची जाणीव :
या परिणामांची राज्यकर्त्यांना कल्पना नव्हती, असे म्हणता येत नाही. १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झालेले डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनी दक्षिण कोकणातील वृक्षतोडीमुळे तेथील हवामान बिघडत असल्याचे त्यापूर्वीच नोंदविले होते. त्यांचा विचार स्थानिक पाऊसपाण्यापुरता मर्यादित होता. कार्बन डायऑक्साइड उष्णता शोषतो, हे टिंडाल यांनी १८५९ मध्ये प्रयोगाने दाखविले आणि त्याच्या वाढीमुळे पृथ्वीचे तापमान किती वाढेल, याचे गणित अर्‍हेनियस यांनी १८९६ मध्ये मांडले. म्हणजेच कारणमीमांसा अपुरी असली, तरी धोक्याची जाणीव होती.

दोष कोणाचा ?
या जाणिवेतून संरक्षणाची भाषा पुढे आली. पण तिचा भार रयतेवर पडला. १८६५ व १८७८ च्या वन कायद्यांनी जंगलांवरील सरकारी मालकी दृढ केली. कुमरी शेती करणारे आदिवासी व राबासाठी फांद्या तोडणारे ठाणे-कुलाब्याचे शेतकरी जंगलाचे शत्रू ठरविले गेले. लोहमार्गांसाठी होणारी तोड मात्र ‘विकास’ म्हणून गणली गेली. महात्मा जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) या ग्रंथात जंगल खात्याने गायराने व डोंगर शेतकऱ्यांकडून हिरावून घेतल्याबद्दल कठोर टीका केली. वाढत्या असंतोषामुळे १८८५ मध्ये सरकारला मुंबई वन आयोग नेमावा लागला.

निष्कर्ष :
औद्योगिक क्रांतीपूर्वी वातावरणात कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० च्या वर आहे. या वाढीस ‘मानव’ जबाबदार आहे, हे विधान सत्य असले तरी अपुरे आहे. राब भाजणारा शेतकरी आणि साम्राज्याचे लोहमार्ग यांना एकाच मापाने मोजणे इतिहासाला धरून होणार नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने वननिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचे मान्य केले आहे. हवामान बदलावरील उपाय आखताना हा अनुभव नजरेआड झाल्यास जंगल वाचविण्याच्या नावाखाली त्याच अन्यायाची पुनरावृत्ती होण्याचा धोका संभवतो.