गहाण पडलेले पांघरूण : व्याजाचा प्रश्न आणि ख्रिस्तसभा

बँकेतील ठेवीवर व्याज घेणे पाप आहे काय, हा प्रश्न आज आपल्या धर्मग्रामांत कुणी विचारीत नाही. मुदत ठेवीवर कोणती बँक किती टक्के देते, एवढीच आपली चौकशी असते. परंतु एकेकाळी हाच प्रश्न ख्रिस्ती माणसाची झोप उडवीत असे. धर्मपरिषदांनी त्यावर नियम केले, धर्मपंडितांनी ग्रंथ लिहिले आणि आयुष्यभर सावकारी केलेल्या माणसांनी मृत्युशय्येवर, घेतलेले व्याज परत करावे, अशी मृत्युपत्रे केली. पवित्र शास्त्र उघडून पाहिले तर व्याजाचा निषेध त्यात स्पष्ट आहे. दुसऱ्या बाजूने पाहिले तर आपल्याच लोकांनी उभारलेल्या पतपेढ्या कर्जावर व्याज आकारतात. मग शास्त्र जुने झाले म्हणावे, की ख्रिस्तसभेने काळाशी तडजोड केली म्हणावे? ही दोन्ही उत्तरे घाईची आहेत. हा सारा इतिहास नीट पाहिला तर देवाचा शब्द रोजच्या व्यवहाराला कसा लावावा, याचा एक मोठा धडा त्यातून मिळतो.

शास्त्रातील कर्जदार

निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात कर्जाचा नियम येतो, तो विधवा, अनाथ आणि परदेशी यांच्याविषयीच्या आज्ञांच्या लगोलग. माझ्या लोकांपैकी कुणा गरिबाला पैसे दिलेस तर त्याच्याशी सावकारासारखा वागू नकोस, असा त्याचा आशय आहे. शेजाऱ्याचे पांघरूण गहाण ठेवून घेतले असेल तर सूर्य मावळण्यापूर्वी ते परत द्यावे, कारण अंगावर घ्यायला त्याच्यापाशी दुसरे काही नाही. तो झोपेल कशावर, असा प्रश्न देव स्वतः विचारतो. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात आणखी बारकावे आहेत. जाते किंवा जात्याची वरची तळी गहाण घेऊ नये, कारण ते घराचे जीवनच गहाण घेणे होय. आणि गहाण वस्तू आणण्यासाठी सावकाराने कर्जदाराच्या घरात शिरू नये; त्याने बाहेर उभे राहावे, वस्तू कर्जदारानेच बाहेर आणून द्यावी.

या नियमांतील कर्जदार कोण आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. तो धंदा वाढविण्यासाठी भांडवल शोधणारा व्यापारी नाही. पीक बुडाले, घरातले धान्य संपले, म्हणून शेजाऱ्याच्या दारी आलेला तो शेतकरी आहे. त्याच्या नडीतून नफा काढणे म्हणजे बुडत्या माणसाकडून दोरीचे भाडे घेणे. व्याजाला हिब्रू भाषेत ‘नेशेख’ असा शब्द आहे आणि त्याचे नाते ‘चावा घेणे’ या क्रियेशी आहे. आपल्याकडील ‘व्याज’ या संस्कृत शब्दाचा अर्थही कपट, निमित्त असाच होता. निष्कपट प्रेमाला आपण निर्व्याज म्हणतो ते त्यामुळेच.

अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायात परक्याकडून व्याज घेण्यास मोकळीक दिली आहे. हा परका बहुधा फिरता व्यापारी असे, असे अनेक अभ्यासक मानतात. पुढे याच एका वचनावरून पुष्कळ अनर्थ झाला. त्याकडे आपण येणारच आहोत.

नियम असूनही तो मोडला जाई. नहेम्याच्या पाचव्या अध्यायात, ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातील यरुशलेममध्ये, लोकांचा आक्रोश ऐकू येतो. दुष्काळात धान्यासाठी आणि राजाचा कर भरण्यासाठी त्यांनी शेते, द्राक्षमळे आणि घरे गहाण टाकली होती. आता लेकी गुलामीत चालल्या होत्या. नहेम्या संतापला, पण नुसता रागावून तो थांबला नाही. त्याने सभा बोलावली, आपण आणि आपले भाऊबंदही लोकांना पैसे व धान्य कर्जाऊ देत आहोत हे सर्वांसमक्ष सांगितले आणि शेते, मळे, घरे व घेतलेले व्याज परत करण्याची शपथ सावकारांकडून घेतली. शास्त्राचा शब्द व्यवहारात आणायचा तर काय करावे लागते, याचा हा नमुना आहे.

प्रभू येशूने या नियमाला आणखी खोल नेले. परतफेडीची आशा न धरता उसने द्या, असे लूकच्या सहाव्या अध्यायात तो शिकवतो. त्याच येशूच्या दृष्टांतातील धनी आपल्या दासाला, पैसे पेढीवर ठेवले असतेस तर मला व्याज तरी मिळाले असते, असे म्हणतो. दृष्टांत हा अर्थव्यवहाराचा धडा नव्हे, हे खरे. पण पेढी आणि व्याज या गोष्टी येशूच्या श्रोत्यांना परिचित होत्या, एवढे त्यावरून दिसते.

धर्माचार्य आणि धर्मपरिषदा

चौथ्या शतकात कैसरियाचे महागुरू संत बेसिल यांनी पंधराव्या स्तोत्रावर (त्यांच्या ग्रीक बायबलात ते चौदावे) प्रवचन करताना कर्जबाजारी माणसाचे हुबेहूब चित्र उभे केले. कुत्रे भुंकले की त्याला घाम फुटतो, दारावर थाप पडली की तो लपायला जागा शोधतो. संत बेसिल सावकारावर कोरडे ओढतातच. पण ऐपत नसताना ऐषआरामासाठी कर्ज काढणाऱ्यालाही ते सोडीत नाहीत. मिलानचे महागुरू संत आम्ब्रोज यांनी तोबीतच्या पुस्तकाच्या आधाराने याच विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

इ. स. ३२५ मधील निकेया येथील धर्मपरिषदेने धर्मसेवकांना व्याज घेण्यास मनाई केली. पुढे हा निषेध प्रापंचिकांनाही लागू झाला. १७७९ नव्हे, तर त्याच्याही सहाशे वर्षे आधी, ११७९ च्या तिसऱ्या लॅटरन धर्मपरिषदेने उघड सावकारी करणाऱ्याला ख्रिस्तशरीर संस्कार आणि ख्रिस्ती दफनविधी नाकारला. त्याची अर्पणेही स्वीकारू नयेत, असे ठरविले. या शेवटच्या कलमाचे महत्त्व आम्हा धर्मगुरूंनी विसरू नये. वेदीवर येणारा पैसा कुणाच्या घासातून आला, हे पाहण्याचे कर्तव्य त्यात सांगितले आहे. १३११-१२ च्या व्हिएन धर्मपरिषदेने तर व्याज घेणे पाप नाही असे हट्टाने प्रतिपादणाऱ्याला पाखंडी ठरविले.

संत थॉमस अक्वायनस यांनी या निषेधाला तर्काचा पाया दिला. द्राक्षारस विकायचा आणि तो पिण्याचा वेगळा मोबदला घ्यायचा, हा जसा अन्याय, तसाच पैसा उसना देऊन त्याच्या वापराचे मोल घेणे हा अन्याय. पैसा वापरला की संपतो, अशी त्यांची भूमिका होती. मात्र धंद्यात भागीदार होऊन तोट्याची जोखीम पत्करणाऱ्याने नफ्याचा वाटा घ्यावा, याला त्यांनी हरकत घेतली नाही. पुढच्या पंडितांनी विचार आणखी पुढे नेला. कर्ज दिल्यामुळे देणाऱ्याचे प्रत्यक्ष नुकसान झाले, त्याचा रास्त लाभ बुडाला, किंवा पैसा परत येण्याची शाश्वती नसली, तर भरपाई घेता येईल, असे मान्य होऊ लागले. व्यापार वाढत होता आणि पैसा हा बियाण्यासारखा पेरला जाऊ लागला होता.

एक काळे पान

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. ख्रिस्ती माणसाला सावकारी निषिद्ध झाली म्हणून लोकांची नड संपली नाही. युरोपात अनेक ठिकाणी यहुदी लोकांना जमीन आणि कारागिरांचे संघ यांची दारे बंद होती. त्यांच्यातील काहींकडे सावकारीचा धंदा आला. राजे त्यांच्यावर कर बसवून आपला वाटा घेत आणि लोकांचा रोष मात्र यहुद्यांवर निघे. अनुवादातील ‘परका’ हा शब्द अशा रीतीने दोन्ही बाजूंनी भिंत झाला. व्यासपीठावरून झालेल्या काही प्रवचनांनी या द्वेषात तेल ओतले. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेने यहुदीद्वेषाचा स्पष्ट शब्दांत धिक्कार केला. पण तोवर शतके लोटली होती. गरिबाच्या बाजूचा म्हणून घेतलेला नियमही शेजाऱ्यावरील प्रीतीपासून तोडला की शस्त्र होतो, हा या पानाचा अर्थ आहे.

निषेधाकडून संस्थेकडे

गरिबाची नड केवळ निषेधाने भागत नाही, हे ओळखले ते संत फ्रान्सिसच्या अनुयायांनी. १४६२ मध्ये इटलीतील पेरुजा येथे त्यांच्या प्रेरणेने ‘मोंते दी पिएता’ म्हणजे दयेची पेढी सुरू झाली. गरिबाने वस्तू तारण ठेवावी, लहानशी रक्कम घ्यावी आणि परतफेड करून वस्तू सोडवावी. पेढीचा खर्च भागण्यापुरते अल्प व्याज घेतले जाई. यावर मोठा वाद पेटला. थोडे असले तरी ते व्याजच, असे काहींचे म्हणणे. १५१५ साली पाचव्या लॅटरन धर्मपरिषदेत पोप दहावे लिओ यांनी निर्णय दिला : खर्चापुरती घेतलेली ही रक्कम सावकारी नव्हे. या प्रवर्तकांपैकी फेल्त्रेचे बर्नार्दिन यांच्या प्रवचनांत यहुद्यांविषयी विखारही होता, हे नमूद केले पाहिजे. चांगले काम आणि मोठा दोष एकाच माणसाच्या ठायी नांदू शकतात.

१७४५ साली पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी ‘विक्स पेर्वेनीत’ या परिपत्रकात जुना निषेध कायम ठेवला. पण कर्जाबाहेरील कारणांमुळे मिळणारी भरपाई रास्त असू शकते, हेही मान्य केले. १९१७ च्या धर्मविधानाने कायद्याने ठरलेल्या रास्त व्याजाला वाट दिली. १८९१ च्या ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकात पोप तेरावे लिओ यांनी मात्र अधाशी सावकारी नव्या रूपांत चालूच असल्याचे बजावले होते. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात तर सावकारी व लोभी व्यवहारांनी माणसांना उपासमारीच्या आणि मृत्यूच्या खाईत लोटणे ही अप्रत्यक्ष मनुष्यहत्याच आहे, असे शिकविले आहे. म्हणजे नियमाची कक्षा बदलली; ‘तो झोपेल कशावर?’ हा प्रश्न बदलला नाही.

आपल्या मातीत

महाराष्ट्राला हा प्रश्न पुस्तकातून शिकावा लागला नाही. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले आणि तेथून दंगे पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. त्यांना मुख्यतः हवी होती ती कर्जखते. ती मिळवून त्यांनी जाळली. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. व्याज मुद्दलापेक्षा वाढू नये, हा दामदुपटीचा आपल्याकडील जुना नियमही याच शहाणपणातला.

जर्मनीत फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझन या प्रॉटेस्टंट नगरप्रमुखाने १८४६-४७ च्या दुष्काळात लोकांना धान्य पुरविले आणि १८६४ मध्ये हेडेसडोर्फ येथे सहकारी कर्जसंस्था उभारली. एकमेकांना ओळखणाऱ्या गावकऱ्यांनी एकमेकांची पत व्हावे, ही त्यामागची कल्पना. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याने ती हिंदुस्थानात आली. छोटा नागपुरात आदिवासींच्या जमिनी सावकारांच्या घशात जाताना पाहून येशूसंघीय जर्मन धर्मगुरू योहान बाप्टिस्ट हॉफमन यांनी १९०९ मध्ये रांची येथे कॅथोलिक मिशनची पतसंस्था स्थापली. आपल्या वसईत १९१८ साली मॉन्सिनियर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने सुरू झालेली पतसंस्था आज बॅसीन कॅथोलिक सहकारी बँक म्हणून ओळखली जाते. या संस्था व्याज घेतात. पण त्यांचा जन्म शेजाऱ्याचे पांघरूण वाचविण्यासाठी झाला. शास्त्राशी त्यांचे नाते आहे ते येथे. आणि ते टिकले की नाही, हे भागधारकांनी दरवर्षी विचारावयाचे आहे. लाभांश किती, एवढ्यावर वार्षिक सभा संपू नये.

आजचे पांघरूण

आज गहाण पडते ती अंगावरची शाल नव्हे. लग्नाच्या जेवणावळीसाठी वाडवडिलांची वाडी तारण जाते, आईचे दागिने जातात, जामीन राहिलेल्या शेजाऱ्याचा पगार जातो. मोबाईलवर काही मिनिटांत कर्ज देणारी ॲप्स आली. त्यांतील काहींचे वसुलीवाले कर्जदाराच्या फोनमधील नावे, छायाचित्रे काढून नातलगांत त्याची बेअब्रू करीत, अशा तक्रारी वाढल्या. २०२२ साली रिझर्व्ह बँकेने अशा कर्जांना नियम घातले. वसुलीसाठी सकाळी ८ पूर्वी आणि सायंकाळी ७ नंतर फोन करण्यास मनाई केली. सावकाराने कर्जदाराच्या घरात शिरू नये, बाहेर उभे राहावे, ही अनुवादातील आज्ञा येथे आठवल्याशिवाय राहत नाही. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यात, सावकारीच्या व्यवहारातून बेकायदा बळकावलेली जमीन मूळ मालकाला परत देण्याची तरतूद आहे. नहेम्याच्या सभेचेच हे एक कायदेशीर रूप. अडचणीत सापडलेल्यांनी लाजेपोटी ते दार ठोठावण्याचे टाळू नये.

आपल्यातही खाजगीरीत्या व्याजाने पैसे फिरविणारे नसतात असे नाही. नातलगाच्या आजारपणात महिना शेकडा पाच घेणारा माणूस रविवारी मिस्सेला पुढच्या बाकावर बसू शकतो. त्याला निकेया वा लॅटरनचे नियम सांगण्याची गरज नाही. निर्गमातील एकच प्रश्न त्याने स्वतःला विचारावा. आणि लग्नात शेजाऱ्यापेक्षा एक पक्वान्न जास्त हवे म्हणून कर्ज काढणाऱ्याने संत बेसिल यांचे ऐकावे. मोठ्या लग्नाचा पायंडा पाडणारी श्रीमंत घरे गरिबाच्या कर्जाला कारण होतात. साधे लग्न करणे ही त्यांच्याकडून गरिबाला मिळणारी निर्व्याज मदतच ठरेल.

लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायात पन्नासाव्या वर्षी जमीन मूळ घराण्याकडे परत जाण्याची आणि गुलाम मोकळे होण्याची योजना आहे. २०२५ च्या पवित्र वर्षासाठी पोप फ्रान्सिस यांनी गरीब राष्ट्रांची कर्जे माफ करण्याचे आवाहन केले ते याच आधाराने. राष्ट्रांचे काय व्हायचे ते होवो. आपल्या हाती असलेले एखादे जुने, न फिटणारे येणे आपण सोडू शकतो. प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत आपण अपराधांची क्षमा मागतो. मत्तयाच्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ऋण असा आहे. ती प्रार्थना म्हणताना कधीतरी घरातील कपाटात ठेवलेल्या त्या चिठ्ठीचीही आठवण व्हावी.